ताप आला की आधी साखर मोजा : मधुमेह, पोटाचा घेर आणि फ्लू-कोविडची तयारी

२०२१ च्या एप्रिलमध्ये आईला ताप आला. मधुमेह होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती, गोळ्यांवर साखर बरी असायची. तपासणीत कोविड निघाला, पण ऑक्सिजन ९७ होता म्हणून घरीच ठेवलं. तोंडाला चव नव्हती. दिवसभरात दोन वाट्या पेज आणि थोडा चहा, एवढंच पोटात जायचं. "खातच नाही तर साखरेच्या गोळ्या कशाला, उगाच साखर उतरेल," असं आम्ही घरच्यांनीच ठरवलं आणि गोळ्या थांबवल्या. ऑक्सिजन दर दोन तासांनी मोजत होतो, ग्लुकोमीटर मात्र कपाटातच होता. चौथ्या दिवशी शेजारच्या वहिनींचा फोन आला. त्या परिचारिका आहेत. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "काकूंची साखर किती आहे?"

मोजली तर ३८६.

आई बरी झाली. पण "खात नाही म्हणजे साखर वाढणार नाही" हा समज आमच्या घरात जसा होता तसाच तो आजही असंख्य घरांत आहे, आणि तापाच्या दिवसांत तो फार महागात पडू शकतो. म्हणून हा लेख. ज्यांच्या घरी मधुमेह, उच्च रक्तदाब, फॅटी लिव्हर किंवा सुटलेलं पोट यांपैकी काहीही आहे, त्यांनी श्वसनाच्या विषाणूंना तोंड देण्याची तयारी कशी करायची, हे त्यात क्रमाने सांगतो आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण त्यांना कोणते प्रश्न विचारायचे आणि घरी काय मोजायचं, हे घरच्यांना माहीत असायलाच हवं.

न खाता साखर वाढते कशी?

रक्तातली साखर फक्त ताटातून येत नाही. यकृत साखर साठवतं आणि नवीन तयारही करतं. अंगात ताप असला की शरीर कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रेनॅलिन ही संप्रेरकं जास्त सोडतं, आणि ती यकृताला सांगतात, साखर बाहेर काढ. त्याच वेळी इन्सुलिनचं काम मंदावतं. निरोगी माणसाचं स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन सोडून हे सावरून घेतं. मधुमेह असलेल्याचं स्वादुपिंड आधीच थकलेलं असतं, त्याला हे जमत नाही. त्यामुळे पेजेवर असलेल्या माणसाचीही साखर तीनशेच्या पुढे जाऊ शकते. साखर वाढली की लघवी वाढते, लघवीवाटे पाणी जातं, शरीर कोरडं पडतं, आणि कोरड्या शरीरात साखर आणखी चढते.

आता याचा विषाणूशी काय संबंध? पांढऱ्या पेशी जंतूपर्यंत धावत जातात आणि त्याला गिळतात. जास्त साखरेत त्या सुस्तावतात. श्वासनलिकेच्या आतल्या ओलाव्यात एरवी रक्ताच्या मानाने खूपच कमी साखर असते, आणि ती कमी असणं हेच एक संरक्षण असतं, कारण तिथे जिवाणूंना पोसायला काही नसतं. रक्तातली साखर चढली की त्या ओलाव्यातही ती झिरपते. मग विषाणूने आधीच दुखावलेल्या फुप्फुसात जिवाणूंचा न्यूमोनिया मागाहून येऊन बसतो.

पोटावरच्या चरबीची गोष्ट वेगळी. आतड्यांभोवती आणि यकृतात साठलेली चरबी नुसती पडून राहत नाही, ती सतत दाह वाढवणारी रसायनं सोडत असते. अशा शरीरात विषाणू शिरतो तेव्हा पहिल्या दिवसांत लागणारा इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या प्रथिनांचा, प्रतिसाद उशिरा आणि कमकुवत येतो, आणि नंतर दाह मात्र आवरत नाही. शिवाय सरळ भौतिक अडचण आहे : उताणं झोपल्यावर मोठं पोट छातीच्या पडद्याला वर ढकलतं आणि फुप्फुसाचा खालचा भाग पुरेसा फुगत नाही.

हे सगळं कोविडपासून सुरू झालं असं नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. त्याच जागतिक साथीत, इतर कुठलाही आजार नसला तरी लठ्ठपणा हाच फ्लू गंभीर होण्याचं कारण ठरू शकतो, हे डॉक्टरांच्या प्रथम ठळकपणे लक्षात आलं. निकाराग्वातल्या एका अभ्यासात लक्षणं असलेल्या लठ्ठ प्रौढांच्या शरीरातून इन्फ्लुएन्झा ए चा विषाणू इतरांपेक्षा ४२ टक्के जास्त काळ बाहेर पडत होता. म्हणजे घरातल्या इतरांना धोकाही तेवढाच लांबतो.

कोविडमध्ये आकडे आणखी स्पष्ट झाले. इंग्लंडमधल्या १ कोटी ७० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत मृत्यूचा धोका साखर आटोक्यात असलेल्यांमध्ये साधारण १.३ पट होता, नसलेल्यांमध्ये जवळपास दुप्पट. चीनच्या हुबेई प्रांतातल्या रुग्णालयांचा अभ्यास मला याहून महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात आजारपणाच्या दिवसांतलीच साखर पाहिली होती. दाखल असताना ज्यांची साखर ७० ते १८० च्या मध्ये राहिली त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण १.१ टक्के होतं, ज्यांची १८० च्या वर जात राहिली त्यांच्यात ११ टक्के. अशा अभ्यासातून साखर हेच एकमेव कारण होतं असं सिद्ध होत नाही. जास्त आजारी माणसाची साखर मुळातच जास्त चढते. तरी ही एक गोष्ट आपल्या हातात असते, आणि विषाणू कधी घरात येईल ते आपल्या हातात नसतं.

पायरी पहिली : पावसाळ्याआधी आपले आकडे माहीत करून घ्या

आपल्याकडे फ्लूचा मोठा हंगाम पावसाळ्यात असतो, दुसरी लहान लाट थंडीच्या शेवटाला येते. म्हणून ही पायरी एप्रिल-मेमधली.

"मला काही नाही, मी बारीक आहे," असं म्हणणाऱ्यांनीही हे वाचावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार, अशी ही आपली भारतीय ठेवण आहे. त्यामुळे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं सांगते.

टेप अशी लावा : उभं राहा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, कपड्यावरून नाही तर अंगावर टेप ठेवा. पँट कुठे बसते ते मोजू नका, ती बहुतेकांची पोटाखाली असते. पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर ही आपल्यासाठीची मर्यादा. बीएमआयसुद्धा आपल्यासाठी २३ पासून जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात.

मग रक्त. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, १२६ आणि वर म्हणजे मधुमेह. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी चाचणी ५.७ ते ६.४ असेल तर उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. मधुमेह असलेल्या बहुतेकांसाठी सातच्या खालचं लक्ष्य असतं, वयस्कर किंवा नाजूक प्रकृतीच्या माणसासाठी डॉक्टर ते थोडं सैल ठेवतात. रक्तदाब १३०/८५ किंवा वर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा वर, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल पुरुषांत ४० च्या आणि स्त्रियांत ५० च्या खाली : कमरेचा घेर, उपाशीपोटीची साखर आणि हे तीन, अशा पाचांपैकी तीन आकडे बिघडलेले असतील तर त्याला चयापचयाचा विकार म्हणतात. प्रत्येक आकडा एकेकटा किरकोळ वाटतो. म्हणूनच तो दुर्लक्षित राहतो.

एचबीए१सी बद्दल एक गोष्ट, जी अहवालाच्या कागदावर लिहिलेली नसते. रक्तात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढू शकतो. सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार असेल तर तो मुळातच भरवशाचा राहत नाही. विदर्भात, नंदुरबार-गडचिरोलीसारख्या आदिवासी पट्ट्यांत सिकलसेल बराच आढळतो, आणि लोहाची कमतरता तर आपल्या बायकांमध्ये घरोघरी. तुमच्या घरी यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मग ते उपाशीपोटी आणि जेवणानंतरच्या साखरेवर जास्त विसंबतील.

देशात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मोठ्या पाहणीनुसार १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर आहेत. या उंबरठ्यावरच्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. कित्येकांना आपली साखर वाढलेली आहे हे पहिल्यांदा कळतं ते न्यूमोनियासाठी दाखल झाल्यावर.

पायरी दुसरी : लस

इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो आणि लसही बदलते. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून पावसाळ्याच्या हिशेबाने एप्रिल-मे ही वेळ चांगली. मधुमेह, हृदयरोग, दमा, मूत्रपिंडाचा आजार, लठ्ठपणा, गरोदरपण आणि उतारवय यांत ती आवर्जून घ्यावी. खासगी दवाखान्यात पैसे मोजावे लागतात. आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा महापालिकेच्या रुग्णालयात चौकशी करा.

न्यूमोकोकसची लस वेगळी. ती विषाणूवर नाही, तर मागाहून येणाऱ्या जिवाणूच्या न्यूमोनियावर आहे. ती दरवर्षी लागत नाही. कोणती आणि किती डोस, हे वय आणि आधीच्या लसींवर ठरतं, तेव्हा मधुमेहाच्या पुढच्या भेटीतच विचारून घ्या.

लस घेतली म्हणून निश्चिंत राहू नका. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये लस घेतलेल्या प्रौढांवर नजर ठेवली, तेव्हा लठ्ठ लोकांना फ्लू किंवा फ्लूसारखा आजार होण्याचं प्रमाण इतरांच्या दुप्पट निघालं. रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडी) पुरेशी तयार झाली होती तरीही. म्हणजे लस हवीच, आणि तिच्या जोडीला पुढचं सगळंही हवं.

पायरी तिसरी : आजारपणाची पेटी, आणि त्यात एक कागद

बिस्किटांचा एक रिकामा डबा घ्या. त्यात ठेवा : ग्लुकोमीटर आणि किमान पन्नास पट्ट्या, टोचायच्या सुया, थर्मामीटर, ऑक्सिमीटर, पॅरासिटॅमॉल, ओआरएसची पाकिटं, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळून तयार करतं ती आम्लं) दाखवणाऱ्या पट्ट्या. रक्तदाबाचं यंत्र असेल तर उत्तम. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या दमट हवेत खराब होतात. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात डबीचं झाकण क्षणभरही उघडं ठेवू नका, आणि डबीवरची तारीख बघा.

पण पेटीतली सर्वात मोलाची वस्तू म्हणजे कागद. तब्येत चांगली असताना डॉक्टरांकडे जा आणि विचारा : "ताप, उलट्या, जुलाब झाले, खाणं बंद झालं, तर यातली कोणती गोळी थांबवायची आणि कोणती चालू ठेवायची?" उत्तर गोळीच्या नावासकट लिहून घ्या. रात्री अकरा वाजता फोनवर हे विचारायची वेळ येऊ नये.

विचारताना थोडी पार्श्वभूमी असली तर बरं. साधारण चित्र असं असतं :

इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं. मात्रा कमी-जास्त होते, पण टाइप १ मधुमेहात, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळपास तयारच करत नाही त्या प्रकारात, ते थांबवलं तर काही तासांत जिवावर बेतू शकतं.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या खाणं थांबलं तरी साखर खाली खेचत राहतात. म्हणजे आम्हाला आईबद्दल वाटलेली भीती अगदीच निराधार नव्हती. चूक ही झाली की निर्णय न मोजता घेतला आणि कोणाला विचारला नाही.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. आजारपणात खाणंपिणं कमी झालं की त्या थांबवायला सांगतात, कारण त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साचू शकतं, आणि फसवी गोष्ट ही की तेव्हा साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. या गोळ्या आता हृदय आणि मूत्रपिंडासाठीही देतात, त्यामुळे घरात कोणी घेतंय हे आपल्या लक्षातच नसतं. एकदा सगळी पाकिटं काढून नावं वाचा.

मेटफॉर्मिन बहुधा साध्या तापात चालतं, पण सारख्या उलट्या-जुलाब होऊन शरीर कोरडं पडलं, किंवा श्वास लागला, तर डॉक्टर ते थांबवतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या यांचंही तसंच. स्वतःहून नाही, विचारून.

पायरी चौथी : ताप आला, पहिले दोन दिवस

पहिल्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. "बघू दोन दिवस" हे धोरण निरोगी तरुणाला परवडतं, मधुमेह असलेल्या पंचावन्न वर्षांच्या माणसाला परवडत नाही. कारण ठोस आहे : फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिलं तर सर्वात जास्त उपयोगी पडतं. जोखीम असलेल्यांमध्ये डॉक्टर चाचणीच्या अहवालाची वाट न बघताही ते सुरू करतात. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. "एक स्ट्राँग अँटिबायोटिक लिहून द्या" असा आग्रह धरू नका.

साखर दर चार तासांनी मोजा, इन्सुलिन घेणाऱ्यांनी रात्रीही एकदा. हात साबणाने धुऊन, कोरडे करून. संत्र सोललेल्या बोटाने मोजली तर आकडा भलताच येतो. दंडावर सतत साखर मोजणारा सेन्सर लावलेला असेल तर व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्यांनी काही सेन्सर साखर जास्त दाखवतात, हे ध्यानात ठेवा. आकडा, वेळ, ताप, ऑक्सिजन आणि काय खाल्लं, हे एका वहीत उभ्या रकान्यांत लिहा. डॉक्टरांना फोन केला की वही समोर धरून वाचायची. "कालपासून जरा जास्तच येतेय" यापेक्षा "काल सकाळी १९०, दुपारी २६०, रात्री २८५" हे ऐकून त्यांना लगेच ठरवता येतं.

साखर ७० च्या खाली गेली, घाम सुटला, हात थरथरले, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. सलग दोनदा २५० च्या वर आली तर डॉक्टरांना फोन. टाइप १ असेल तर तेव्हाच कीटोनही तपासा.

आता खाण्याकडे. आजाऱ्याला खाऊ घालायच्या आपल्या पद्धतीत माया आहे आणि साखरही आहे. साबुदाण्याची खीर, मारी बिस्किटं, गोड चहा, मोसंबीचा रस, ग्लुकोजची पावडर, गुळ-मधाचा काढा, वर खोकल्याचं गोड औषध. एकेक पदार्थ थोडाच असतो, पण दिवसाची बेरीज मोठी होते. त्याऐवजी आपल्याच स्वयंपाकघरात किती सोयीच्या गोष्टी आहेत. मऊ भात, पण वाटीभरच, आणि त्यावर मेतकूट व चमचाभर तूप. मुगाचं किंवा कुळथाचं कढण. मुगाच्या डाळीची आसट खिचडी, डाळ जास्त आणि तांदूळ कमी. नाचणीची आंबील ताकातली. जिरं लावलेलं ताक, टोमॅटोचं सार. खाणाऱ्यांना उकडलेलं अंडं किंवा मटणाचं आळणी पाणी. आजारपणात स्नायू झिजतात आणि स्नायू हेच साखर खर्च करण्याचं मुख्य ठिकाण आहे, म्हणून प्रत्येक वेळच्या खाण्यात थोडी तरी डाळ, दही, अंडं, पनीर असं काही हवं. काढा घ्यायचा तर घ्या, आलं-तुळस-गवती चहाने घशाला बरं वाटतं. फक्त गूळ नको. खोकल्याचं औषध साखरविरहित मागा.

काहीच पोटात ठरत नसेल आणि माणूस इन्सुलिनवर असेल तर मात्र हिशेब उलटा होतो. साखर खाली येत असेल तेव्हा पेज, शहाळं, थोडा रस, जे जाईल ते घोट घोट द्यावं लागतं. कधी काय, हे वहीतला आकडा सांगेल.

पाणी दर तासाला अर्धा पेला. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएस मधुमेह्यांनाही चालतं : जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या एक लिटर द्रावणात ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असतं आणि ते मीठ आतड्यातून शोषलं जावं म्हणूनच घातलेलं असतं. पाकिटावर हे सूत्र वाचून घ्या. खोक्यात मिळणारी रंगीत गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

तापासाठी पॅरासिटॅमॉल, सहा तासांच्या अंतराने. यकृताचा त्रास असेल तर दिवसाची मर्यादा विचारून घ्या. मूत्रपिंडाला जपायचं असल्याने आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं स्वतःहून नकोत. सर्दीच्या काही गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं, ते रक्तदाब चढवतं. दुकानदाराला "बीपी आहे" एवढं जरूर सांगा.

झोपताना पाठीला उशा लावून किंवा कुशीवर. पोट मोठं असलेल्याने तासन्‌तास उताणं पडून राहू नये.

पायरी पाचवी : केव्हा निघायचं

ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नसलेलं, गरम असलेलं बोट निवडा आणि आकडा मिनिटभर स्थिर होऊ द्या. सावळ्या त्वचेत काही यंत्रं थोडा जास्त आकडा दाखवतात, म्हणून काठावरच्या आकड्याला चांगला समजू नका. बसलेल्या अवस्थेत आकडा ठीक असेल तर घरातल्या घरात सहा मिनिटं चालून पुन्हा लावा, वयस्करांसाठी तीन मिनिटं पुरे. चालल्यावर ९४ च्या खाली आला किंवा तीन-चार अंकांनी घसरला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बसूनच ९४ च्या खाली असेल किंवा धाप लागत असेल तर चालून बघू नका, सरळ निघा. ९० च्या खाली म्हणजे तातडीची वेळ, १०८ ला फोन करा.

याखेरीज : सारख्या उलट्या, बारा तास लघवी नाही, बरळणं किंवा गुंगी, छातीत दुखणं, कीटोन मध्यम किंवा जास्त, औषध देऊनही तीनशेच्या वर राहणारी साखर. आणि एक लक्षण जे लोक हमखास चुकवतात : ताप उतरून दोन दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा थंडी वाजून ताप, पिवळा कफ. हा बहुधा मागाहून आलेला जिवाणूंचा न्यूमोनिया असतो. "परत ताप आला, अशक्तपणाने असेल" म्हणून थांबू नका.

स्टेरॉइडबद्दल वेगळं

२०२० च्या जूनमध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' या औषध-चाचणीचा निकाल आला. कृत्रिम श्वासावर असलेल्या कोविड रुग्णांमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने, म्हणजे दाह दाबणाऱ्या औषधाने, मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवर असलेल्यांत एक-पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा दिसला नाही. मात्रा होती दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस.

आपल्याकडे दुसऱ्या लाटेत हे औषध घरी, पहिल्याच आठवड्यात, मोबाइलवर फिरणाऱ्या प्रिस्क्रिप्शनवरून घेतलं गेलं. चढलेली साखर, त्यावर स्टेरॉइड, आणि मग म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी. मे २०२१ मध्ये त्याची नोंद सक्तीची करावी लागली. कितीतरी माणसांचे डोळे आणि जबडे काढावे लागले. ही बुरशी हवेत, मातीत एरवीही असते. साखर आटोक्यात असलेल्या धडधाकट शरीरात तिला सहसा थारा मिळत नाही.

म्हणून स्टेरॉइड दिलं गेलं तर तीन प्रश्न विचारा : का, किती दिवस, आणि साखरेच्या औषधात काय बदल करायचा? सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडने साखर दुपारपासून रात्रीपर्यंत चढते. फक्त उपाशीपोटीची साखर मोजली तर ती चांगली येते आणि सगळे गाफील राहतात. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्री झोपण्याआधी मोजा. एका बाजूचा चेहरा दुखणं, डोळ्याखाली सूज, नाकातून काळपट स्राव, दात अचानक हलायला लागणं, दोन-दोन दिसणं, यांपैकी काहीही झालं तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे त्याच दिवशी.

पायरी सहावी : ताप गेल्यानंतरचे तीन महिने

घरच्यांचं लक्ष इथे सुटतं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या नोंदींवरून २०१८ मध्ये दिसलं की फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण एरवीच्या सहापट असतं. रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आजारपणात थांबल्या असतील तर त्या केव्हा सुरू करायच्या ते विचारा आणि सुरू करा. छातीत जडपणा, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर "गॅस झाला" म्हणू नका.

चालणं हळूहळू. पहिल्या आठवड्यात घरात, मग अंगणात, मग जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं. चालताना वाक्य पूर्ण बोलता यायला हवं. पुढच्या वर्षभराचं लक्ष्य आठवड्याला १५० मिनिटं ठेवा. उंबरठ्यावरच्या लोकांवरच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात एवढं चालून आणि सुमारे ७ टक्के वजन उतरवून मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं. सत्तर किलोच्या माणसाला ते जेमतेम पाच किलो. झोपही यात धरा : १६४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचा विषाणू मुद्दाम सोडून बघितलं, तेव्हा सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली.

आजारपणात पहिल्यांदाच साखर जास्त आढळली असेल, तर ती तापापुरती होती की मधुमेह आधीपासूनच होता, हे त्या आठवड्यात नेहमी सांगता येत नाही. एचबीए१सी तेव्हाच एकदा करा. ६.५ किंवा वर असेल तर साखर आधीपासून वाढलेली होती असं धरून डॉक्टर पुढचं ठरवतील. कमी असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा करा, आणि त्या तपासणीची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण बरं वाटायला लागलं की ती कोणालाच आठवत नाही. आमच्या घरी कालनिर्णयावर आईच्या तपासणीभोवती लाल गोल असतो. पेटीतल्या पट्ट्यांची तारीख संपत असेल तर तीही त्याच दिवशी बदलतो.